पूर्ण मापाची स्टेपनी आणि मैनपाटचा राहून गेलेला ओढा

जीप ठेवायची की विकायची, हे मैनपाटच्या वाटेवर ठरणार होतं. निघण्याआधीच ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

तिघं म्हणजे मी, माझा नवरा विनायक आणि आमची मुलगी मनू. घरात मी विनायकांना ‘अहो’ म्हणते, पण इथे लिहिताना नाव घेतलेलं बरं, नाहीतर तुम्हाला कोण बोलतंय ते कळायचं नाही. ते रेल्वेत होते, मालगाडीचे डबे दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपात. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जीप घेतली. चारही चाकांना जोर देणारी, उंच, आवाज करणारी, मागच्या दारावर स्टेपनी टांगलेली. गेल्या वर्षी त्यांना हलका झटका आला. बोलणं आठवड्याभरात जागेवर आलं, पाय महिन्याभरात, डावा हात मात्र मागे राहिला. तेव्हापासून जीप मी चालवते. साठी ओलांडलेली बाई एवढ्या उंच गाडीतून उतरते तेव्हा रायपूरला पंडरीच्या बाजारात लोक वळून बघतात. आता सवय झाली आहे.

ज्यांना अशी गाडी घेऊन मैनपाटच्या पठारावर जायचं आहे त्यांच्यासाठी आधी स्टेपनीचं सांगते, कारण आमच्या घरात सगळा वाद त्यावरच होता.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी आम्ही भनपुरीला टायरच्या दुकानात हवा आणि चाकांचा तोल बघून घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने मागची स्टेपनी हाताने थोपटली आणि मला म्हणाला, “आंटीजी, ये निकलवा दो. पतली वाली लगवा लो, आधे वजन की है. आप खुद उठा लोगी.”

विनायक स्टुलावर बसले होते. “भैया, उस पतली वाली पे गाड़ी नाला चढ़ेगी?”

“नाले में जाना ही क्यों है अंकलजी, इस उमर में?”

“तुम्हारी उमर में टाइम नहीं मिला.”

दुकानदार हसला आणि हवा भरायला लागला. परत येताना विनायकांनी मला ते पुन्हा समजावलं, आणि मी तुम्हाला समजावते. बारीक स्टेपनी चांगल्या रस्त्यावरून सावकाश जवळच्या दुकानापर्यंत जाण्यासाठी असते. आमच्यासारख्या गाडीत चारही चाकं एका उंचीची हवीत. एक लहान असलं तर ते जास्त फिरतं, आणि चारही चाकांना जोर दिला की आतले दाते एकमेकांशी भांडतात. म्हणजे नेमकी गरज असते तिथेच तो जोर वापरता येत नाही. पूर्ण मापाच्या स्टेपनीचे त्रासही आहेत. ती जड आहे, मागच्या काचेतून निम्मा रस्ता दिसू देत नाही, दाराच्या बिजागऱ्या सैल करते. तिच्यात हवा आहे की नाही हे बघायला सगळे विसरतात. पण पंक्चर झाल्यावरसुद्धा तिच्यावर पुढे जाता येतं. बारीक स्टेपनीवर फक्त परत येता येतं.

हे ‘पुढे’ आणि ‘परत’ आमच्या घरात जुनं आहे. मनू तीन वर्षांची होती तेव्हा विनायकांनी एका मित्राची जीप मागून आणली होती आणि आम्ही मैनपाटला गेलो होतो. पठारावरच्या एका गावाखाली ओढा आहे, तिथे खडकावर बसून जेवायचं, असं ठरलं होतं. मी दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली होती. ओढ्याच्या अलीकडे दोनेक किलोमीटरवर टायर बसला. स्टेपनी काढली तर तिच्या रबरातून तारा दिसत होत्या. ती लावून कसेबसे अंबिकापूरला परतलो. दशम्या एका पंक्चरच्या दुकानाबाहेर बाकड्यावर बसून खाल्ल्या. त्यानंतर आमच्याकडे जी जी गाडी आली तिची स्टेपनी विनायक चारही चाकांइतकीच सांभाळत आले. आमच्या जीपच्या पाचही चाकांवर आतल्या बाजूला पिवळ्या रंगाने एक ते पाच आकडे आहेत. वर्षातून एकदा चाकं जागा बदलतात, स्टेपनीसुद्धा खाली येते, म्हणजे पाचही सारखी झिजतात.

झटक्यानंतर दोन महिन्यांनी ती जागा बदलायची वेळ आली. मी दुपारी झोपले होते. विनायक एकट्याने अंगणात गेले, स्टेपनी काढायला. ती हातातून सुटली आणि ते तिच्यासोबत खाली आले. मनू त्याच वेळी फाटकातून आत येत होती. मोडलं काही नाही, कोपर सोलवटलं आणि कंबर आठवडाभर दुखली. पण मनूने वडिलांना जमिनीवर, टायरशेजारी बघितलं होतं.

तेव्हापासून तिचं एकच होतं. गाडी विका. घेणारा गुढ़ियारीतला एक जण होता, तिला दर महिन्याला फोन करायचा.

आमच्या मनूला मराठी सगळं कळतं, पण रागावली की ती हिंदीतच बोलते. मैनपाटला जायचं ठरलं त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून म्हणाली, “जाओ. एक बार जाओ. पण बाबा, अगर आपने उस टायर को हाथ लगाया, या मुझे फोन करके बुलाना पड़ा, तो आते ही गाड़ी बेचेंगे. मंजूर?”

विनायक चहात पोळी बुडवत होते. म्हणाले, “हव.”

“आई, तू गवाह है.”

मी मान हलवली. मी आधीच तिच्या बाजूने एक गोष्ट करून बसले होते, ती कोणालाच माहीत नव्हती. स्टेपनी चोरीला जाऊ नये म्हणून तिच्या एका नटला कुलूप असतं. त्याची चावी म्हणजे अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा. तो नटवर बसवल्याशिवाय स्टेपनी निघत नाही. विनायक पडले त्या रात्रीच मी ती चावी हत्यारांच्या पिशवीतून काढली आणि लाखोळीच्या डाळीच्या डब्यात खाली दडपून ठेवली. लाखोळी आमच्याकडे वर्षातून चार वेळा शिजते. तो डबा वरच्या फळीवर, मागे असतो. पुढे कित्येक महिने मी वाट बघत होते की हे विचारतील, चावी कुठे गेली. त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, त्या चाकाचा त्यांनी नाद सोडला.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात पहाटे साडेपाचला निघालो. भनपुरी ओलांडेपर्यंत ट्रकच ट्रक होते, नंतर बिलासपूरपर्यंत रस्ता उत्तम. टोल दोन-तीन ठिकाणी लागतो. सिमगा गावाच्या पुढे एका टपरीवर फरा आणि टोमॅटोची चटणी खाल्ली. फरा म्हणजे तांदळाच्या पिठाचे वाफवून फोडणी दिलेले मुटके. दोघांचा नाश्ता चहासकट शंभराच्या आत झाला. बिलासपूरला मी शहरातून गाडी घातली, बाहेरचा रस्ता असूनसुद्धा. माझं कॉन्व्हेंट तिथलं. फाटकाचा रंग बदलला आहे, आतली चिंचेची झाडं तीच आहेत. दर सोमवारी आम्ही रांगेत हात पुढे करून उभ्या राहायचो आणि सिस्टर नखं बघायच्या. विनायकांना मी हे लग्नानंतर शंभर वेळा सांगितलं असेल. तरी त्यांनी खिडकीतून बघून विचारलं, “इथंच नखं बघत होते काय तुझी?”

“हो.”

“चांगली ठेवली त्यायनं.”

रतनपूरनंतर जंगल सुरू होतं आणि कटघोऱ्याच्या पुढे घाटवळणं. तिथे कोळशाचे ट्रक असतात, घाई करू नका. दुपारी एकच्या सुमारास एका ढाब्यावर थांबलो. भात, वांग्याची भाजी आणि डाळ. वाढणाऱ्याने डाळीची वाटी समोर ठेवली, मी त्यात चमचा घातला आणि हात तसाच राहिला.

चावी. लाखोळीच्या डब्यात. रायपूरला.

मी ठरवलं होतं की निघताना ती माझ्या पर्समध्ये घ्यायची. ब्लँकेटं, औषधं, थर्मास, मनूने दिलेला पंक्चर बुजवायच्या फेसाचा डबा, सगळं घेतलं होतं. ती मात्र राहिली. म्हणजे आम्ही पूर्ण मापाची स्टेपनी घेऊन निघालो होतो आणि ती दारावरून काढता येणार नव्हती.

“काहून थांबली? तिखट आहे काय?”

“नाही. गरम आहे.”

तिथेच सांगायला हवं होतं. सिस्टरांनी आम्हाला खोटं बोलू नये असं शिकवलं होतं, गप्प राहण्याबद्दल त्या काही म्हणाल्या नव्हत्या. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमच्या हाताचा मला भरवसा वाटला नाही, म्हणून मी तुमच्याच गाडीची चावी तुमच्यापासून लपवली? हे वाक्य मी अंबिकापूर येईपर्यंत मनात चार-पाच प्रकारे रचलं. प्रत्येक खड्ड्याला कान टायरकडे जायचे. विनायक शेजारी मजेत होते. थंडी वाढली तसा त्यांनी कोट चढवला आणि डावा हात खिशात घातला. तो हात त्यांनी जवळजवळ सगळा प्रवास खिशातच ठेवला. मला वाटलं, गारठ्याने दुखत असेल. मी तेही विचारलं नाही.

अंबिकापूरला बसस्टँडजवळच्या एका साध्या लॉजवर राहिलो. खोली स्वच्छ, गरम पाणी बादलीने. तिथे एखादा मेकॅनिक गाठून कुलूप तोडून घ्यावं असं माझ्या मनात आलं. पण विनायकांच्या नकळत ते कसं करायचं ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनपाट. अंबिकापूरपासून तासा-दीड तासाचा घाट आहे आणि वर आलं की सगळं एकदम सपाट होतं. त्या दिवसांत पठारावर टाऊ फुललेला असतो, पांढरी, जराशी गुलाबी छटा असलेली शेतंच्या शेतं. टाऊ म्हणजे कुट्टू, उपवासाला चालणारा. तिबेटी वस्तीत रंगीत पताका लावलेल्या घरांमध्ये एका बाईंनी आम्हाला थुक्पा करून दिला, भाज्या आणि नूडल्सचा गरम रस्सा. विनायक उजव्या हाताने चमचा धरून खात होते, डावा टेबलाखाली.

“आता ओढ्याले जाऊ,” ते म्हणाले.

“आज इथलंच बघूया ना. पॉइंट आहेत, धबधबा आहे. उद्या जाऊ.”

“उद्या काहून? गाडी चांगली आहे, रस्ता कोरडा आहे, तू चांगली चालवून राहिली.” मग जरा थांबून, “तुले जायचं नाही काय?”

त्या अर्धवट सहलीनंतर चौतीस वर्षांनी कोणी असं विचारलं तर नाही म्हणता येत नाही. मी किल्ली फिरवली.

ओढ्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खूप गाड्या जाव्यात असा तो रस्ता नाही. गाव संपलं की मातीची वाट लागते, मग दगडांची, मग उतार. तासाला दहाच्या पुढे काटा न्यायचा नाही. आम्ही मागच्या वेळी जिथून परतलो होतो ते वळण विनायकांनी ओळखलं. तिथे एक मोठा सालवृक्ष आहे. “इथं,” ते म्हणाले. आम्ही ते मागे टाकलं. मी जरा सैल बसले, आणि पुढच्याच उतारावर डाव्या बाजूच्या मागच्या चाकाखाली काहीतरी करकरलं.

उतरून बघितलं. धारेच्या दगडाने टायरची कड बोटभर कापली होती. टायरच्या मधल्या भागाला भोक असतं तर मनूचा फेसाचा डबा कामी आला असता. कड फाटली की काहीच चालत नाही, ते चाक काढावंच लागतं. फोनला रेंज नव्हती. गाव तीन किलोमीटर मागे, चढावर.

विनायक दाराला धरून सावकाश उतरले. वाकून बघितलं. “स्टेपनी लागते,” म्हणाले.

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी रचलेल्या वाक्यांपैकी एकही आठवेना.

“अहो, स्टेपनी निघणार नाही. कुलपाची चावी घरी राहिली.”

“घरी कुठं?”

“मी लपवली होती. तुम्ही पडलात त्या दिवशी. तुम्ही पुन्हा एकट्याने काढायला जाल म्हणून. निघताना पर्समध्ये घ्यायची होती, विसरले. काल ढाब्यावर आठवलं, तेव्हाही बोलले नाही.” मी फोन पुन्हा वर धरून बघितला. “आता मनूला बोलवावं लागेल. गाडी माझ्यामुळे जाणार.”

ते त्या फाटक्या टायरकडून माझ्याकडे वळले. मग डावा हात खिशातून बाहेर काढला. मूठ बंद होती. ती उघडायला त्यांना अजून वेळ लागतो, एकेक बोट करून. करंगळी, मग तिच्याशेजारचं, मग मधलं. तळव्यावर तो लोखंडी तुकडा होता.

“लाखोळीच्या डब्यात चावी कोण ठेवते?”

मला काही कळेना. “तुम्ही लाखोळीचा डबा कशाला उघडला?”

“राजमा आता सोपा जाते.”

हे समजायला मला एक क्षण लागला. झटक्यानंतर व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने सांगितलं होतं की डाव्या हाताने राजम्याचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाका, रोज अर्धा तास. मी दोन महिने समोर बसून करून घेतलं, मग ते म्हणाले माझं मी करतो, आणि मी बघणं सोडलं. ते राजम्यावरून चण्यावर गेले, चण्यावरून लाखोळीवर. मला सांगितलं नाही. वरच्या फळीवरचा, मागचा डबा काढायला हात किती उंच न्यावा लागतो ते मला माहीत आहे.

“कधी सापडली?”

“पोळ्याच्या आधी.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू काहून नाही बोलली?”

मी दुसरंच विचारलं. “चावी हातात होती. इतके महिने तुम्ही स्टेपनी काढायला गेला नाहीत?”

“तुले भेव लागत होतं ना,” ते म्हणाले. “आता चल. सूर्य आहे तोवर करू. मी सांगतो, तू कर.”

आणि ते वाटेकडेच्या एका खडकावर बसले. विनायक. ज्यांनी कधी पंक्चरवाल्याला स्वतःच्या गाडीचा नट पिळू दिला नाही.

आता हे नीट वाचा, विशेषतः ज्या बायकांना वाटतं की तीस किलोचं चाक आपल्याने हलणार नाही. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, राहिलेल्या चाकांना उताराच्या बाजूने दगड लावा. जॅक चढवण्याआधीच नट सैल करून घ्या, नंतर चाक फिरतं. पान्यावर हाताने जोर लागत नसेल तर पायाने उभं राहा. मी उभी राहिले, साडी नव्हती म्हणून बरं. मातीवर जॅक रुततो, म्हणून खाली चपटा दगड. आणि दारावरची स्टेपनी काढताना तिच्याखाली ब्लँकेटांची वळकटी ठेवायची. वरचा नट शेवटी काढायचा, चाकाला मांडीचा टेका द्यायचा आणि घसरत वळकटीवर येऊ द्यायचं. उचलायचं नाही.

“उचलू नको. तिले येऊ दे. वजन तिचं आहे, तिले माहीत आहे कुठं जायचं,” विनायक खडकावरून म्हणत होते.

तेवढ्यात वरून डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक बाई आली. माझ्याच वयाची असेल, जरा जास्तच. थांबली, मोळी उतरवली आणि बघत बसली.

“पंचर होगे का दीदी?”

“हव.”

तिने विनायकांकडे हात केला. “कका ह बइठे हे, अउ तैं करत हस?”

विनायकांना तिची बोली येते, वर्कशॉपात आयुष्य गेलं आहे. ते म्हणाले, “हव. मोर ड्यूटी बताय के हे.” माझी ड्यूटी सांगायची.

ती इतकी हसली की मलाही हसू आलं आणि जॅकचा दांडा हातातून सुटला.

जुनं चाक काढून स्टेपनी लोळवत जागेवर आणली. आता ती हबवर, म्हणजे चाक बसतं त्या बोल्टांवर, चढवायची होती, आणि इथेच लोकांची कंबर जाते. विनायकांनी मला चाकासमोर जमिनीवर बसायला सांगितलं. दोन्ही पाय चाकाखाली घालायचे, टाचा जमिनीवर, चवडे रबराखाली. हातांनी चाक फक्त सरळ धरायचं. “आता चवडे वर घे. हळू. आणखी. डावीकडं फिरव थोडं. थांब.” भोकं बोल्टांसमोर आली आणि चाक आत गेलं. मी मातीत बसून दोन्ही पायांनी तीस किलो तोलून धरलं होतं आणि मला नट लावायला तिसरा हात नव्हता.

विनायक उठले. माझ्या शेजारी येऊन गुडघ्यावर बसले. मी म्हणाले, “अहो, मनूला कबूल केलंय.”

“टायरले हात नाही लावत.”

नट त्यांनी डाव्या हातात घेतला. बोल्टवर टेकवला. पहिल्यांदा तो आट्यात बसला नाही, घसरून मातीत पडला. त्यांनी उचलला, कोटाला पुसला आणि पुन्हा टेकवला. उजवा हात त्यांनी मुद्दाम मांडीवर ठेवला होता. अंगठा आणि तर्जनी, अगदी सावकाश, एक फेर, दुसरा फेर. नट धरला. असे पाच. माझे पाय थरथरत होते, पण मी त्यांना लवकर करा असं म्हटलं नाही.

फाटलेलं चाक दारावर टांगायची गरज नव्हती, ते मागे आत टाकायचं ठरवलं. त्या बाईने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. “एकर ले जादा त रोज बोहथन,” ती म्हणाली, याहून जड तर आम्ही रोज डोक्यावर नेतो. मी तिला उरलेले बेसनाचे लाडू दिले. तिने तिथेच एक खाल्ला, दुसरा पदरात बांधला आणि निघाली.

मी गाडीत बसले. हात काळे, नखं काळी. “मग? परत?” मी विचारलं.

“परत काहून? चाक पूर्ण मापाचं आहे.”

ओढा तिथून जेमतेम किलोमीटरभर होता. खूप मोठा नाही. मोठ्या खडकांवरून पातळ पाणी येतं, खाली डोह होतो, कडेला जांभळीची झाडं. आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो. मी दशम्या आणि लसणाची चटणी आणली होती, हे मी तोवर सांगितलं नव्हतं. गाठोडं सोडलं तेव्हा विनायकांनी बघितलं आणि म्हणाले, “तू पण लपवून ठेवते, आं.” डाव्या हाताने तुकडा मोडून खाल्ला. मी बघत बसले नाही, पाण्याकडे पाहिलं. त्यांना ते बरं वाटतं.

परत वर येताना ओल्या दगडांवर मागची चाकं फिरायला लागली. चारही चाकांच्या जोराचा दांडा ओढला आणि गाडी म्हशीसारखी शांतपणे वर आली. भनपुरीच्या दुकानदाराला हे सांगायचं आहे.

अंबिकापूरला फाटलेल्या टायरच्या आतून जाड रबराचा तुकडा चिकटवून, ट्यूब टाकून घेतली आणि ते चाक दारावर टांगलं, चारेकशे रुपये. हे फक्त नड म्हणून, त्यावर वेगाने जाऊ नका, घरी आल्यावर त्याच मापाचा टायर घ्या. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही रायपूरला पोचलो.

मनू फाटकात उभी होती. आधी तिने वडिलांना वरून खालपर्यंत बघितलं, मग गाडीमागे गेली. तिला लहानपणापासून पिवळ्या आकड्यांची सवय आहे. वाकून तिने मागच्या चाकाच्या आत बघितलं. तिथे पाच होता. दारावर तीन.

“टायर बदला है.” ती सरळ उभी राहिली. “किसने बदला?”

“तुझ्या आईनं,” विनायक म्हणाले.

“आणि तुम्ही?” हे तिने मराठीत विचारलं.

“मी बसून होतो.”

ती माझ्याकडे बघायला लागली, खरं का म्हणून. मी मान हलवली. “दगडावर. सगळा वेळ. फक्त सांगत होते.”

“टायर को हाथ नहीं लगाया?”

“टायरले नाही,” विनायक म्हणाले. ते गप्प राहू शकले असते. “नटायले लावला. पाचही.”

मनूचा चेहरा कडक झाला. “कौन से हाथ से?”

त्यांनी हात पुढे केला. डावा. बोटं पूर्ण सरळ होत नव्हती, पण मध्ये फट ठेवून उभी होती. अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या नखांत काळी रेघ अडकली होती, अंबिकापूरच्या साबणाने न निघालेली. मनू तो हात धरून उभी राहिली. मग मान फिरवून तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “आत चला. चाय बनी है.”

गुढ़ियारीच्या माणसाचा फोन आठवड्याने आला. मी भाजी चिरत होते, मनू दारात उभी राहून बोलत होती. “नहीं भैया. नहीं बेच रहे. मम्मी चलाती है.”

मैनपाटचं काय लक्षात राहिलं, असं कोणी विचारलं तर टाऊची शेतं खूप सुंदर आहेत, जरूर जा, थंडीचे कपडे न्या, स्टेपनीत हवा बघून निघा. मला मात्र झोपताना ते खडकावर बसलेले विनायक दिसतात, हात मांडीवर ठेवून, मला डावीकडे फिरव म्हणून सांगणारे.

कुलपाची चावी आता दाराजवळच्या खिळ्याला लटकते, घराच्या किल्ल्यांसोबत. लाखोळीचा डबा मी खालच्या फळीवर आणून ठेवला होता, त्यांच्या हाताला सोपा जावा म्हणून. काल त्यांनी तो परत वर ठेवायला सांगितला आणि मोहरीचा डबा मागितला.